बेबीमावशींचा सोमवार

दर सोमवारी सकाळी बेबीमावशी आपल्या मेलेल्या सासूला रिठ्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. चांगला अर्धा तास. मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं तिची पाठ घासतात, मलमलच्या फडक्यानं पुसतात, उन्हात पाटावर बसवतात आणि म्हणतात, "घे माय, झालं तुहं आंग धुनं. आता आठ दिवस बोंबलू नको."

घाबरू नका. सासू म्हणजे एकदाणी. टपोऱ्या सोन्याच्या मण्यांचा एकच सर. सासूबाईंचं नाव पार्वता. त्यांना जाऊन चाळीसेक वर्षं झाली. गळ्यातली एकदाणी मावशींकडे आली, आणि त्या दिवसापासून एकदाणीलाच पार्वता म्हणायचं असं ठरलं. कुणी ठरवलं? मावशींनी. त्या घरात दुसरं कुणी काही ठरवत नाही.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी या घरात आले त्याच्या पहिल्याच सोमवारी मावशी न्हाणीतून ओरडल्या, "चंद्रभागा काळी पडली वो! चिंच आन लवकर!" मी चिंच घेऊन धावले. कुणी बाई चक्कर येऊन काळीनिळी पडली असणार, म्हणून हुंगवायला कांदाही फोडून घेतला. बघते तर घमेल्यात चांदीचे तोडे. चंद्रभागा म्हणजे मावशींची थोरली जाऊ. तिच्या पायातले ते तोडे.

अशा एकूण अकरा बाया. सासू, जावा, नणंद, चुलतसासू, मावशींची आई, आणखी कोण कोण. कुणाला मुलगी नव्हती, कुणाची सून साता समुद्रापलीकडे. शेवटचं पाणी बहुतेकींनी मावशींच्याच हातचं प्यायलं, आणि जिचं तिचं सोनंनाणं मावशींच्या ओटीत पडत गेलं. मावशींनी त्या बायांना राहायला जागाही त्यांच्या त्यांच्या स्वभावाप्रमाणं दिली होती. पार्वता देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागं, कारण "तिले सारं दिसलं पाह्यजे". नणंद लीला, म्हणजे तिचे कानातले झुबे, शिलाई मशीनच्या खणात, कारण लीला ब्लाउज सुंदर शिवायची. आणि चंद्रभागा तिखटाच्या बरणीत. "तिची जीभच तशी होती," मावशी म्हणतात.

बेबीमावशींचं वय अठ्ठ्याहत्तर. तरी नाव बेबी. वर्ध्याकडे हे नाव पुष्कळ बायकांचं असतं आणि त्याचं कुणाला हसू येत नाही. मला आलं होतं. मी कागल तालुक्यातली. आमच्याकडे बेबी म्हटलं की ती पाळण्यात असते.

मावशींचं जग असं उलटं आहे. दागिन्यांना माणसांची नावं, आणि जिवंत माणसांना वस्तूंची. दूधवाला म्हणजे 'अर्धा लिटर'. डॉक्टर म्हणजे 'बीपी'. समोरचे निवृत्त मास्तर रोज वर्तमानपत्र मागायला येतात म्हणून ते 'पेपर'. "पेपरची बायको बिमार आहे, बीपीकडं नेलं होतं," असं मावशी सांगतात आणि सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना बरोबर कळतं. पोटचा मुलगा प्रमोदभाऊ, तोसुद्धा 'पुणे'. "पुण्याचा फोन आलता काय?"

आणि मी 'कोल्हापूर'.

"ओ कोल्हापूर, चहा ठेव." "कोल्हापूर, गेट लाव, गाई घुसून राह्यल्या." माझं नाव सुमन. सहा वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून ते आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या मेलेल्या बायकांचा हेवा वाटायचा. त्यांना नाव, त्यांना आंघोळ, त्यांना मलमलचं फडकं. मी समोर जिवंत उभी, तर मी एक जिल्हा.

पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं. माझी शाळा सातवीत सुटली. नवऱ्याला इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं म्हणून वर्ध्याला आले, आणि दोन वर्षांत नवराच गेला. सासरचं दार बंद झालं. भाऊ म्हणाला, ये, पण वहिनीला विचारून सांगतो. अजून तो विचारतोय. अशा वेळी कुणीतरी मला मावशींच्या फाटकात आणून उभं केलं. मावशींनी कागद मागितला नाही, ओळख मागितली नाही. वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "भाकर येते काय?" मी म्हटलं, येते. "मंग ये आत. काऊन भायेर उभी आहे?" तेवढ्यावर मला घर मिळालं. जे घर इतक्या सहज मिळतं ते तितक्याच सहज जाईल, ही धास्ती मात्र मनातून कधी गेली नाही. अजूनही माझ्या पेटीत दोन लुगडी घडी घालून तयार असतात.

त्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातून जे झालं ते गल्लीत अजून सांगतात.

मावशी लग्नाला निघाल्या होत्या. रेशमी पातळ नेसून बाहेरच्या खोलीत आरशापुढं उभ्या, बाजूला दोन शेजारणी, फाटकात ऑटो. मावशी म्हणाल्या, "वो बाई, आतून माही गहूपोत आन बरं."

आमच्याकडे पोतं म्हणजे पोतं. मला वाटलं, हे लोक शेवटचा अनुस्वार खातात. आहेराला गहू न्यायची इकडची पद्धत असंल. आत कोपऱ्यात समुद्रपूरकडच्या शेतातून आलेलं गव्हाचं अर्धं पोतं होतं. मी पदर खोचला, ते कवेत घेतलं, उचलेना तेव्हा ओढलं, आणि उंबऱ्यावरून धप्पदिशी मावशींच्या पायापाशी आणून टाकलं. कपाळावरचा घाम पुसून म्हटलं, "हे घ्या. ऑटोत मावंल न्हवं?"

शेजारणी बघतच राहिल्या. गहूपोत म्हणजे गव्हाच्या दाण्यासारखे सोन्याचे मणी ओवलेला गळ्यातला सर, हे मला नंतर कळलं. मावशी आधी पोत्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मग हसायला लागल्या त्या थांबेनात. काजळ गालावर आलं, पातळाच्या निऱ्या सुटल्या. ऑटोवाला कंटाळून निघून गेला. लग्न राहिलंच.

ते पोतं मावशींनी नंतर मधल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवायला लावलं आणि म्हणाल्या, "याले हात लावाचा नाई. हे दळाले न्यायचं नाई." सहा वर्षं ते तिथंच आहे. दर उन्हाळ्यात मावशी स्वतः त्यात कडूनिंबाचा पाला घालतात. तरी सोंडे झालेच. आता त्यात गहू कमी आणि किडेच जास्त. जाता-येता मावशी त्याच्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटतात. मी समजून होते. माझ्या अडाणीपणाचा पुतळा होता तो. आल्यागेल्याला दाखवायला ठेवलेला.

तर असं सगळं चाललेलं असताना एक दिवस पुण्याचा फोन आला. प्रमोदभाऊ म्हणाले, "आई, दागिने असे डब्याबरण्यांत ठेवणं बरं नाही. एक मॅडम आहेत नागपूरला. वारशानं आलेले दागिने नीट लावून देतात. फोटो काढतात, वजन करतात, यादी करतात, पेट्या देतात. मग सगळं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू."

मावशी फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सोनं मोजाले बाई येऊन राह्यली. सोनं मोजते तं सोनार मोजते. हे बाई काय करीन?"

माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. या घरात कुठली बाई कुठल्या बरणीत राहते हे जगात दोघींनाच ठाऊक. एक मावशी, दुसरी मी. पार्वताला गार पाणी चालत नाही, लीलाला ब्रश नको, हे मी शिकले होते. शाळेत नाही शिकले ते इथं शिकले. आता ते शिकून घ्यायला कुणीतरी शिकलेली येणार. आणि यादी व्हायची म्हणजे काहीतरी कमी भरणारच. आणि कमी भरलं की बोट कुणाकडे जाणार, हे सांगायला सातवीसुद्धा लागत नाही.

मॅडम आल्या. वय असंल पस्तीस. अश्विनी त्यांचं नाव. सोबत लॅपटॉप, नखाएवढा काटा, डोळ्याला लावायचं भिंग, मखमलीचे निळे ट्रे, आणि हातात पांढरे पातळ मोजे. मोजे बघून मावशी कुजबुजल्या, "हातावर खरूज आहे काय इच्या?"

मी मनात म्हटलं, बरं झालं. हिचं नाव आता 'खरूज' पडणार. निदान 'मोजे' तरी. 'लॅपटॉप' पडलं तरी मला चाललं असतं.

दुपारी मी चहा घेऊन गेले तर मावशी म्हणत होत्या, "अश्विनी, बस माय खुर्चीवर. पाय दुखतीन."

अश्विनी! चार तासांत!

मी कपबशी जरा जोरातच ठेवली. कप पाहुण्यांचे, सोनेरी कडेचे. आणि बशीत गोरसपाक. इथल्या या तुपातल्या खुसखुशीत बिस्किटांवर मावशींचा भारी जीव. डबा कपाटात कुलुपात असतो. अख्खं बिस्किट पाहुण्याला, तळाचा चुरा मला. चुराही मी सहा वर्षं गोड मानून खाल्ला. त्या दिवशी मॅडमच्या बशीत अख्खी चार होती, आणि त्यांनी एक खाऊन तीन ठेवली. अख्ख्या गोरसपाकाला नाही म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. एवढं ज्याच्याजवळ असतं त्यालाच ते उष्टं टाकता येतं.

"आजी, तुमचं कलेक्शन फार सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या.

"कलेक्शन नोय वो माय. बाया आहेत ह्या."

मला वाटलं, आता हसेल. पण मॅडम हसल्या नाहीत. लॅपटॉपवर नवा रकाना उघडून त्यांनी विचारलं, "बरं. ह्या कोण?" मावशींचा चेहरा असा खुलला की मला स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली पातेली परत धुवावी लागली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पार्वता आणि चंद्रभागेला एकाच ट्रेमध्ये ठेवलं. मावशी किंचाळल्या, "उचल! उचल वो तिले! चौदा साल बोलल्या नाई त्या एकमेकीशी. एका ताटात काऊन बसवून राह्यली?" मॅडमनी मुकाट्यानं चंद्रभागेला उचलून पार दुसऱ्या टोकाला ठेवलं आणि मध्ये रिकामा ट्रे लावला. मीसुद्धा सहा वर्षं दोघींना वेगवेगळ्या घमेल्यात घालत आले होते. पण मध्ये रिकामं घमेलं ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

त्याआधीची एक गोष्ट कबूल करते. चंद्रभागेला बाहेर काढायचं म्हणून मॅडमनी मला विचारलं होतं, "ताई, ते तोडे कुठं असतात?" मी बरणी पुढं केली. आत भिवापूरच्या मिरचीचं तिखट आहे, झाकण तोंडाजवळ धरून उघडू नका, हे मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. दोन पावलं मागं सरकले फक्त. मॅडम पुढचा पाऊण तास शिंकत होत्या. मावशी म्हणाल्या, "चंद्रभागा नवी बाई पाह्यली का असंच करे." त्या दिवशी मला फार शांत झोप लागली. देव मला माफ करो.

तिसऱ्या दिवशी दुपारी यादी पुरी होत आली. दहा बाया आपापल्या मखमलीवर बसल्या, अकरावी लीला, तिचे झुबे भिंगाखाली होते. मॅडमनी भिंतीवरचा जुना फोटो उतरवून मांडीवर घेतला होता. सासूच्या घरचा फोटो. गावाकडे फोटोवाला बोलावून काढलेला. सासू खुर्चीवर, दोन्ही थोरल्या जावा आणि नणंद बाजूला, सगळ्या सोन्यानं वाकलेल्या. आणि अगदी कडेला, अर्धी चौकटीबाहेर गेलेली, एक हडकुळी पोर. ती बेबीमावशी.

"आजी, तुमच्या अंगावर एकच दागिना दिसतो," मॅडम म्हणाल्या.

"मी लहानी सून. माहेर गरीब. माह्या आंगावर कुठून येईन? मंगळवारी गावचा बाजार राहे. ह्या साऱ्या नटून जात. म्हणून सोमवारी मी सगळ्याइचं सोनं धुवो. रिठा फोडू फोडू बोटं फुटे." मावशी हे अगदी सहज सांगत होत्या, भाजी निवडावी तसं. "ते एक मालकानं करून देलं होतं मले. कापूस चांगला झालता त्या साली."

मॅडमनी भिंग फोटोवर धरलं. "गहूपोत दिसते ही. पण ही आपल्याकडे आलेली नाही अजून. कुठं आहे?"

त्या लग्नाच्या दिवसानंतर ती पोत मीही पाहिली नव्हती.

मावशी डोळे मिटून खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "ते? ते सुमनजवळ आहे."

सहा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव त्यांच्या तोंडात आलं, ते असं.

मॅडमनी वर बघितलं. लॅपटॉपवरची त्यांची बोटं थांबली होती. मी म्हटलं, "मावशी, काय बोलताय ओ? मी न्हाई घेतली!" पण मावशींचा डोळा लागला होता.

मी धावत आत गेले आणि माझी पेटी ओढत आणली. त्याच उंबऱ्यावरून, जिथून कधी पोतं ओढलं होतं. मॅडमच्या पायापाशी ती उलटी केली. घडी घातलेली दोन लुगडी, नवऱ्याचा फोटो, आधार कार्ड, एक कंगवा, भावाचं जुनं पत्र, आणि कागदात बांधलेला गोरसपाकाचा चुरा. गावी कधी गेले तर भाच्यांना न्यायला साठवला होता. तो सगळ्या फरशीवर पांगला.

"ताई, नको, प्लीज. मी काही म्हटलंय का?" मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"बघा! ब्लाउजचं अस्तरपण बघा! काय असंल तर काढा!" मी रडत होते आणि चुरा गोळा करत होते, दोन्ही एकदम.

आवाजानं मावशी जाग्या झाल्या. चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे, पेटीकडे, चुऱ्याकडे पाहिलं. "हे काय लावलं वो कोल्हापूर? पेटी काऊन उपसून राह्यली? कुठं चालली?"

"तुम्हीच म्हणालात की पोत माझ्याजवळ हाय म्हणून!"

"तुह्याजवळ कवा म्हटलं मी? मी म्हटलं सुमनजवळ."

"अवो, मग मीच सुमन न्हवं का!"

मावशी माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी उन्हात फिरून आले आहे. "तू तं कोल्हापूर. सुमन ते तिकडं बसली." आणि त्यांनी मधल्या खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

पोत्याकडे.

मी उठले. पोत्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात घातला. सोंडे हातावरून भराभर चढले. कडूनिंबाची वाळकी पानं लागली, आणि तळाशी एक पुरचुंडी. मी ती आणून मावशींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी गाठ सोडली. गव्हाच्या दाण्यांत गव्हाचे दाणे, पण हे सोन्याचे.

"गहूपोत गव्हाच्या पोत्यातच शोभते," मावशी म्हणाल्या आणि एकट्याच हसल्या.

"पोत्याला माझं नाव?" मी विचारलं.

"मंग काय करू? पह्यल्या हप्त्यात तू रोज रडे. गॅसपाशी उभी राहून रडे, पोळीवर पानी पडे. मी म्हटलं, हे काई टिकत नाई. एक दिवस गाडीत बसून जाईन. जानाऱ्याचं नाव कशाले तरी देऊन ठेवा लागते, माय, नाईतं ते पुरंच जाते. तुह्याजवळ दागिना कुठं होता नाव द्याले? पोतं होतं, त्याले देलं. अन् मंग तू गेलीच नाई!" त्यांनी हे जरा तक्रारीनंच म्हटलं. "आता देलेलं नाव वापस कसं घेऊ?"

सहा वर्षांचा साठलेला प्रश्न माझ्या तोंडून निघालाच. "मग ह्या मॅडमना कशी नावानं हाक मारता? त्यांना आल्या आल्या नाव!"

"ते तं उद्या जाईन नं नागपूरले. जानाऱ्याले नाव लागते. राह्यनाऱ्याले कायले नाव?"

मॅडम खाली बघून चष्मा पुसत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आजी, ह्या पोतीचं काय नाव लिहू?"

"काई लिहू नको. ते माही होय. मी अजून जित्ती आहे." मावशींनी पोत मुठीत धरली. सुरकुतलेली मूठ, त्यातून दोन दाणे बाहेर लोंबत होते. "मी मेलो का तिचं नाव बेबी. ह्या साऱ्या जाऊ दे लाकरात. पुण्याचा जीव शांत होईन. पन मले नाई राहाचं लाकरात. तिथं सोमवार नसते." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कोल्हापूरच्या हाताले रिठा माहीत आहे. पानी कोमट घेजो. अन् चंद्रभागेच्या बाजूले बसवू नको मले."

मी पोत परत पुरचुंडीत बांधली, पुरचुंडी परत पोत्यात घातली आणि तोंड घट्ट बांधलं. मग पेटीतली लुगडी उचलून दांडीवर टाकली, घडी न घालता.

मॅडमनी यादीत फोटोतल्या त्या पोतीपुढं वजन लिहिलं नाही, नंबर घातला नाही. 'घरी', एवढंच लिहिलं. निघताना मी मावशींच्या किल्लीनं कपाट उघडून त्यांना अख्खं गोरसपाक दिलं, मावशींना न विचारता, आणि तिखटाच्या बरणीबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं, ताई. बरणी देऊन तुम्ही मागं सरकलात ना, तेव्हाच."

दागिने बँकेत गेले. मला वाटलं होतं, आता सोमवार मावशींना खायला उठणार. पहिल्या सोमवारी त्या सकाळपासून न्हाणीच्या दारात नुसत्या बसून होत्या. रिठा भिजवलेला, आणि आंघोळीला कुणी नाही. तेवढ्यात 'मनिऑर्डर' आला. म्हणजे पोस्टमन. पाकीट नागपूरचं. आत पार्वता, चंद्रभागा, लीला, सगळ्या अकराजणींचे मोठे रंगीत फोटो, आणि ते सगळे लॅमिनेट केलेले. सोबत चिठ्ठी: 'आजी, पाण्यानं खराब होत नाहीत.'

हे मला का नाही सुचलं, म्हणून मी अर्धा दिवस जळत होते. अजूनही थोडी जळते.

आता दर सोमवारी अकराजणी घमेल्यात तरंगतात. पार्वता आणि चंद्रभागेची घमेली वेगळी, आणि मध्ये एक रिकामं. ब्रश मी धरते, फडकं मावशी. चुरा अजून माझाच आहे, पण डब्याची किल्ली आता खिळ्याला असते.

माझी धास्ती मात्र गेली नाही, तिनं नुसती बाजू बदलली. आधी वाटायचं, या बाई मला कधी नावानं हाक मारणार. आता रोज सकाळी 'ओ कोल्हापूर' ऐकू आलं की मी मनातल्या मनात हात जोडते. परवा मी चहा गाळत होते. मावशींनी आतून हाक दिली, "सु..." आणि खोकल्याची उबळ आली.

माझ्या हातातली गाळणी थांबली. चहा ओट्यावर सांडत राहिला.

"...सुपडं कुठं ठेवलं वो, कोल्हापूर?"